जाळीमागचं बोलणं

दिवाळी अंकाच्या संपादिका बाईंनी फोनवर विचारलं, "मंदाताई, तुम्ही नेमकं काय काम करत होता?" मी म्हटलं, "गवत कापत होते." त्या म्हणाल्या, "विळ्यानं?" मी म्हटलं, "नाही, मशीननं." त्यांनी अंदाज केला, "म्हणजे ती ढकलायची, लॉनवाली?" मी म्हटलं, "नाही हो बाई. खांद्यात पट्टा अडकवून चालवायची, पेट्रोलवाली. सुरू झाली की अख्खी कॉलनी खिडक्या लावून घेते ना, ती." "अय्या," त्या म्हणाल्या, "मग तर लिहाच."

म्हणून लिहायला बसले आहे. पण बाईंना वाटत असेल, एका बाईनं मशीन चालवली याचं कौतुक मी लिहीन. ते मी लिहिणार नाही, कारण ते कौतुक मी तेव्हाच पुष्कळ करून घेतलं. मला लिहायचं आहे ते अनसाबाईबद्दल. ती माझ्याशी काय बोलत होती हे मला कधीच कळलं नाही, त्याबद्दल.

नागपूरजवळ कोराडीच्या बाजूला वीज केंद्रातल्या लोकांच्या कॉलन्या आहेत. त्यातल्या एका कॉलनीचं गवत कापायचं काम आमच्या बायकांच्या बचत गटाला मिळालं होतं. मशीन गटात आली तेव्हा तिला हळदीकुंकू लावायला सगळ्या पुढे होत्या आणि पट्टा खांद्यात घालायला सगळ्या मागे. मी उंच, खांदे रुंद. लहानपणापासून त्या खांद्यांवरून बोलणी खात आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "मंदे, तुह्या अंगाले बसते वं हे." आणि मशीन माझी झाली.

ज्यांनी ती फक्त खिडकीतून पाहिली त्यांच्यासाठी सांगते. एक लांब नळी. मागच्या टोकाला इंजिन, ते कमरेशी येतं. पुढच्या टोकाला फिरणारी चकती आणि चकतीतून बाहेर आलेली नायलॉनची दोरी. पातं नाही, दोरीच. ती दोरी गवत कापते यावर कोणाचा विश्वास बसत नाही, पहिल्या दिवशी माझाही बसला नव्हता. दोरी झिजून आखूड झाली की चकती जमिनीवर हलकेच आपटायची, आतून नवी दोरी बाहेर येते. नागपूरच्या हवेत ही दोरी वाळून कडक होते आणि पटापट तुटते, म्हणून आदल्या संध्याकाळी ती पाण्याच्या बादलीत भिजत घालायची. हे मशीनच्या पुस्तकात नाही. अनसाबाईनं शोधून काढलेलं आहे. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, नुसती रोज दोरी भिजत घालायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "वाल भिजोते न आपण? तसं."

इंजिन स्कूटरसारखं, पण त्याला वेगळं ऑईल नसतं. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, चांगलं घुसळायचं, मग टाकीत घालायचं. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन आतल्या आत भाजून बसतं. रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणायचं, चोक द्यायचा, इंजिन सुरू करायची दोरी ओढायची. भुर्र झालं की चोक काढायचा. मग उजव्या हाताची बोटं रेसच्या कळीवर, आणि झाडू मारल्यासारखं उजवीकडून डावीकडे. कापलेलं सगळं डावीकडे उडतं. गवत उडतं आणि गवतात असेल तेही उडतं: गिट्टी, बाटलीची काच, कोणाच्या तरी घरचा हरवलेला चमचा. दोरीला त्यातलं काही कळत नाही.

म्हणून डावीकडे एक माणूस लागतं. दोन बांबूंना हिरवी जाळी बांधलेली, दोन्ही हात पसरून ती धरायची आणि कापणाऱ्याच्या बरोबरीनं सरकत राहायचं. पलीकडे घराच्या काचा, उभ्या गाड्या, वाळत घातलेले पापड. सगळ्यांच्या आणि माझ्या मध्ये अनसाबाई. कॉलनीतली माणसं चेष्टा करायची, "काय मंदाबाई, अंतरपाट धरला, नवरदेव कुठं आहे?" अनसाबाईला हे आवडायचं नाही, पण ती काही बोलायची नाही.

ती बोलायचीच नाही. माझ्याहून पुष्कळ मोठी, बारीक, काळीसावळी, डोक्यावरचा पदर वाऱ्यानंही न हलणारी. सकाळी आली की मान हलवायची. चहा दिला की मान हलवायची. घरी मुलगा एकच, तोही तेव्हा कामाला बाहेरगावी. गटाच्या बैठकीत अध्यक्षबाई विचारायच्या, "अनसाबाई, तुमचं काय मत?" तर म्हणायची, "साऱ्यायचं ते माह्यं." गटातल्या बायका तिला मुकी अनसा म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला माहीत असावं.

आणि एक दिवस मला दिसलं की जाळीमागे तिचं तोंड हलतं आहे.

आधी वाटलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत असेल. आमच्याकडे कोणाचं तोंड हलताना दिसलं तर पहिला संशय खर्ऱ्यावरच जातो. पण खर्ऱ्याचं तोंड वेगळं हलतं. ही थांबत होती, भुवया वर करत होती, मध्येच मान झटकत होती. ती बोलत होती. मी कानात आधी कापूस आणि त्यावर ते कानझाकणं घातलेली, शिवाय इंजिन कमरेशी. मला काय ऐकू येणार? मी तिच्याकडे बघून मान डोलावली. तिनंही डोलावली आणि पुढे सुरू.

मशीन बंद केल्यावर मी विचारलं, "काय म्हणून राहिली होती वं?"

"कोन? मी? काही नाही. पानी पे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिन सुरू झालं की गवताचा पहिला पट्टा ती गप्प काढायची, मग हळूहळू बोलायला लागायची. पोहायला उतरणारी बाई आधी पाय पाण्यात घालते, तशी. मग दुपारपर्यंत खंड नाही. कधी रागानं बोलायची, जाळी थरथरायची. कधी हसायची. ती हसली की मीही हसायचे. कशाला हसतो आहोत हे मला माहीत नसायचं, पण हसताना बरं वाटायचं. एकदा दोनदा डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, तेव्हा तिनं खांद्यावर गाल घासला. मी मशीन थांबवू लागले तर जोरात मान हलवली: नको, चालू ठेव. मी चालू ठेवली.

अशी आमची वर्षं गेली.

आता लोकांच्या गमतीजमती सांगायला हव्यात, नाहीतर संपादिका बाई म्हणतील, कामाबद्दल काहीच नाही. एक निवृत्त साहेब होते, कोपऱ्यातल्या बंगल्यात. त्यांची दुपारची झोप म्हणजे कॉलनीचा कायदा. ते येऊन म्हणायचे, "बाई, जरा हळू आवाजात नाही का चालत ही?" मी म्हणायचे, "साहेब, हळू आवाजात गवत नाही कापलं जात, नुसतं कुरवाळलं जातं." ते विचार करायचे आणि म्हणायचे, "मग आज कुरवाळाच." त्यांच्या बंगल्यापुढचं गवत वर्षभर बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असायचं.

पहिल्या पावसानंतर तरोटा उगवायचा. आमच्याकडे त्याची कोवळी भाजी खातात. मशीनचा आवाज आला की बायका टोपल्या घेऊन आमच्या पुढे धावायच्या, मी मागून कापत यायचे. कोणी म्हणायचं, "मंदाबाई, पाच मिनिटं थांबा ना, आमचे हे यायचे आहेत जेवायला." आणि भाद्रपद जवळ आला की दुर्वा. गणपती, मग महालक्ष्म्या, सगळ्यांना दुर्वा आणि आघाडा हवा. ज्या बाईला जिथं दुर्वा दिसायच्या तिथं ती काडी रोवून लाल चिंधी बांधायची, म्हणजे हे माझं, इथं मशीन आणायची नाही. काही दिवस कॉलनी चिंध्यांनी भरून जायची आणि मी त्यातून वाट काढत कापायचे. एका वर्षी दोन बायकांनी एकाच जागी काड्या रोवल्या. दोघी माझ्याकडे आल्या, निकाल द्या म्हणून. मी अनसाबाईकडे पाहिलं. तिनं खाली बसून हातानं दुर्वा उपटल्या, दोन सारख्या जुड्या केल्या आणि दोघींच्या हातात दिल्या. त्या दोघी पुढे एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत, पण अनसाबाईला दोघींकडून मोदक आले.

संकट म्हणावं असं एकदाच आलं. जुन्या क्वार्टरच्या मागे गवत कमरेएवढं होतं आणि आत कपडे वाळत घालायची तुटलेली तार पडली होती. मला दिसली नाही. मशीन चालू असताना आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. जाळी उचलली म्हणजे पुढे चल. जाळी हलवली म्हणजे कोणी येतं आहे, थांब. पण जाळी तिनं कधी खाली टाकली नव्हती. त्या दिवशी तिनं दोन्ही बांबू सोडून दिले. ते पडताना पाहिले आणि माझी बोटं आपोआप कळीवरून सुटली. चकती थांबली तेव्हा तार तिच्याभोवती गुंडाळली गेली होती आणि तारेचं मोकळं टोक माझ्या पिंढरीपासून हातभरावर होतं. अजून जरा रेस असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. मी इंजिन बंद केलं. अनसाबाईनं कानझाकणं काढली माझी, घाम पुसला, आणि म्हणाली, "चहा घे." बस. माझा जीव वाचवल्यावरही ती तेवढंच बोलली.

मला वाटायचं, ही बाई जाळीमागे जे बोलते ते मला ऐकायचं आहे. सुरुवातीला नुसतं कुतूहल होतं. नंतर ते कुतूहल राहिलं नाही. आपल्याशी कोणीतरी रोज इतकं बोलतं, इतक्या मनापासून बोलतं, आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही, हे हळूहळू लागायला लागतं.

एकदाच एक वाक्य हाती आलं. वीज केंद्राच्या चिमणीची राख तिथं गवतावर बसते, कापताना ती उडते आणि इंजिनचा हवेचा फिल्टर भरतो. रोज संध्याकाळी तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा. त्या दिवशी राख इतकी होती की दुपारीच इंजिन गुदमरलं आणि आपोआप बंद पडलं. कानझाकणं मी घाम पुसायला नुकतीच वर केली होती. आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत अनसाबाईचा आवाज आला, तिचा नेहमीचा नव्हे, मोकळा, मोठा:

"...अन् मी दार उघडलंच नाही."

तिनं तोंड मिटलं. इतकं मिटलं की ओठ दिसेनात. मी खाली बसले, फिल्टर झटकला, मशीन सुरू केली. त्यानंतर कितीतरी दिवस ती जाळीमागे गप्प होती. मला वाटलं, मशीन बंद पडली म्हणून रागावली असेल. मग पुन्हा हळूहळू सुरू झाली. पण ते दार माझ्या डोक्यात राहिलं. कोण आलं होतं? कोणाला तिनं आत घेतलं नाही? नवरा, मुलगी, बाप, भीक मागणारा? रात्री झोप येईपर्यंत मी ते दार किती वेळा किती जणांसाठी बंद केलं असेल.

संध्याकाळी काम संपलं की कॉलनीतल्या पंपहाऊसच्या ओट्यावर आम्ही बसायचो. मी स्पार्क प्लग काढून काजळी घासायची, गिअरला ग्रीस भरायची. ती फिल्टर धुवायची आणि उद्याची दोरी भिजत घालायची. दोघींच्या अंगाला पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास. कोणी काही बोलायचं नाही. मला आज कोणी विचारलं, मंदाबाई, गेलेलं काय परत हवं, तर मी तो ओटा मागेन. ते काम नव्हे, तो ओटा.

कॉलनी रिकामी होत गेली. क्वार्टर जुनी झाली, लोक शहरात फ्लॅट घेऊन गेले. ज्या अंगणात चिंध्या बांधायला जागा पुरत नव्हती तिथं घाणेरी आणि गाजरगवत माजलं. मग गवत कापायचं कामच बंद झालं. गटही मोडला. मशीन कोणालाच नको होती, ती माझ्याकडे आली. अनसाबाईचा मुलगा पारशिवनीकडच्या गावी घर बांधून राहिला होता, तो येऊन तिला घेऊन गेला. निघताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली. मी म्हटलं, "येशील वं कधी." तिनं पुन्हा मान हलवली, त्याचा अर्थ हो की नाही ते कळलं नाही.

माझी बोटं तोवर निकामी झाली होती. वर्षानुवर्षं मशीनची थरथर सोसली की हेच होतं. थंडीत ती पांढरी पडतात, मग मुंग्या, मग सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता ही मशीन हातात धरायची नाही." आम्ही नागपुरातल्या मानकापुरात राहायला आलो, मशीन पलंगाखाली गेली. पण महिन्यातून एकदा मी ती अंगणात काढते, ऑईल मिसळलेलं चमचाभर पेट्रोल घालते, सुरू करते आणि टाकी कोरडी होऊन ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते. पेट्रोल आत राहिलं तर कार्बोरेटरमध्ये चिकटतं. शेजारीण विचारते, "गवत तर नाही, मग कशाला हो?" मी म्हणते, "मशीनसाठी." अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तो आवाज सुरू झाला की माझी मान आपोआप डावीकडे वळते.

गेल्या श्रावणात अनसाबाईच्या सुनेचा फोन आला. नंबर तिनं कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाली, "मावशी, आई बोलतच नाही हो कोणाशी. आधीच कमी बोलायच्या, आता तर हो-नाहीपण नाही. जेवणपण गेलं त्यांचं. डॉक्टरले दाखवलं, ते म्हणते काहीच नाही. तुमच्यासोबत कामाले होत्या न? तुमच्याशी बोलायच्या ना?"

"बोलायची ना," मी म्हटलं. "खूप बोलायची."

"काय बोलायच्या?"

 काय सांगू तिला? की वर्षानुवर्षं ती माझ्याशी बोलली आणि मला एक वाक्य माहीत आहे?

मी बसनं गेले. घर चांगलं होतं, गजबजलेलं. मुलगा, सून, नातवंडं, सुनेची आई. सगळे तिच्याभोवती. कोणी उशी देत होतं, कोणी दूध. ती बाजेवर बसली होती, आधीपेक्षा निम्मी झालेली. मला पाहून डोळे हलले. मी शेजारी बसले, हात हातात घेतला. सगळे जण आमच्याकडे बघत राहिले, आता बोलतील म्हणून. शेवटी सुनेला कळलं. सगळ्यांना घेऊन ती आत गेली.

मी मनाशी किती वेळा घोकलेलं वाक्य तोंडातून बाहेर काढलं. "अनसाबाई, तू जाळीमागं काय सांगत होती वं मले? मले काहीच ऐकू नाही आलं. येकही दिवस. आता सांग न. आता कान मोकळे हाय माहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांवर हसू आलं, आणि आवाज आला, खरखरीत, वापरात नसलेला.

"तुले ऐकू येत नव्हतं म्हणून त बोलत होती वं. ऐकू आलं असतं त येक शब्द नसती बोलली मी."

मी तिचा हात तसाच धरून ठेवला.

"सांगावं त वाटे," ती म्हणाली. "पण कोनाले सांगावं असं नाही वाटे. मशीन चालू झाली का दोन्ही होऊन जाय." तिनं घराकडे बोट केलं. "आता अठी पाय. साऱ्यायचेच कान. चांगले लोक हायेत, जीव लावते. पण साऱ्यायले ऐकू येते. मी तोंड उघडलं का चार जनं धावते, काय म्हनलं, काय म्हनलं."

मला रडू यायला लागलं. तिनं ते पाहिलं नाही असं केलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "मशीन हाय का वं अजून?"

"हाय."

"चालू होते?"

"होते न."

"मंग घेऊन ये न येक दिवस."

पोळा झाल्यावर गेले. मशीन पोत्यात बांधली, हिरवी जाळीही घेतली. घरी हे म्हणाले, "हाताचं काय?" मी म्हटलं, "हात माझाच आहे." बसमध्ये कंडक्टरनं अडवलं.

"काय हाय बाई हे? पेट्रोल हाय का यात?"

"टाकी कोरडी हाय भाऊ. घ्या वास."

"वास त येऊनच राहिला न!"

"तो नाही जात. माह्या साड्यायलेही येते."

त्यानं मागच्या कोपऱ्यात ठेवू दिली, आणि पारशिवनी येईपर्यंत त्या पोत्याकडे संशयानं बघत राहिला.

अनसाबाईच्या घरामागे विहिरीभोवती गवत गुडघ्याच्या वर होतं. मुलानं आपल्या गाडीतून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. मी ऑईल मिसळलं, घुसळलं. शेवग्याच्या झाडाला आणि गोठ्याच्या खांबाला जाळी बांधली, कारण आता ती धरून तिला उभं राहवणार नव्हतं. जाळीमागे बाज टाकली, तिला आणून बसवलं. सुनेला सांगितलं, सगळ्यांना घरात ने, दार लाव, दगड उडतात. दगड तिथं फारसे नव्हते.

दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. इतक्या महिन्यांची निगा कामी आली.

पहिला पट्टा मी कापला तेव्हा ती गप्प होती. दुसऱ्याला पदर नीट केला. तिसऱ्या पट्ट्याला मी वळले आणि हिरव्या जाळीतून तिचं तोंड हलताना दिसलं.

मग ती थांबली नाही. हात मोकळे होते आता, तर हातांनीही बोलत होती. कोणाला तरी दटावलं, कोणाची तरी नक्कल केली. एकदा कपाळावर हात मारून घेतला. तिचा चेहरा भरत चालला होता, गालांवर रंग येत होता. मी मान डोलावत होते. माझी बोटं पांढरी झाली, मग मनगटापासून खालचं काही कळेना. नुसती बोटं सैल सोडली असती तर हाताला सुख मिळालं असतं. आणि कान उघडे होते या खेपेला, कापूस, कानझाकणं, काहीच घातलं नव्हतं मी. जाळी चार हातांवर. रेस जरा कमी केली असती तर सगळं ऐकू आलं असतं. ते दार, त्यामागचं कोण, सगळं. इतकी वर्षं मला दुसरं काय हवं होतं?

गवत संपलं. विहिरीभोवती, गोठ्याकडे, कुंपणाशी, कुठंच काही उरलं नाही. सुनेनं मागचं दार किलकिलं केलं आणि हातानं खूण केली, झालं ना मावशी, बंद करा आता.

मी मान हलवून नाही म्हटलं. डावीकडे पाहिलं, अनसाबाई बोलतच होती. मी कळ पूर्ण दाबली आणि मोकळ्या मातीवर मशीन फिरवत राहिले.